गाडीची शिदोरी

आमच्या घरात काहीही लिहायचे असले की ते काम माझ्याकडे येते. विजेच्या बिलाची तक्रार असो, भावकीतल्या लग्नपत्रिकेचा मजकूर असो की गॅरेजच्या उधारीची वही असो. कॉलेजपर्यंत पोचलेली घरातली मी पहिलीच. तेव्हा लेखणीची सगळी कामे आपोआप माझ्या पदरात पडली. गेल्या हिवाळ्यात मात्र अण्णांनी माझ्याकडून एक यादी लिहून घेतली, तसली यादी मी त्याआधी कधी लिहिली नव्हती. एक जुनी स्पोर्ट्स कार साताऱ्याहून कन्याकुमारीला जायची होती, आणि तिच्याबरोबर काय काय द्यायचे त्याची ती यादी होती.

आमचे गॅरेज साताऱ्याबाहेर, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला आहे. पत्र्याची शेड, पुढे एक कडुलिंबाचे झाड आणि त्याच्या जाड फांदीला इंजिन उचलायची चेनकप्पी. अण्णा सातवीपर्यंत शिकले आणि तेराव्या वर्षी त्यांनी हातात पाना घेतला. त्यांचे सारे आयुष्य अँबॅसडर गाड्यांत गेले. डोळे मिटून ते त्या गाडीचे इंजिन उतरवतील आणि चढवतील. परंतु कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला ती गाडी बनायची २०१४ साली बंद झाली. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर जोडून त्यांचे दुखणे शोधतात. आमच्या दारात आता मोटारसायकलीच जास्त असतात. प्रवेशाच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'स्वतःचा उद्योग' असे लिहिले होते. ते खोटे नव्हते; पण 'मोटार मिस्त्री' हे दोन शब्द लिहायला माझा हात का कचरला, ते माझे मलाच ठाऊक.

अशात एक दिवस निवृत्त डॉक्टर आपली लाल गाडी घेऊन आले. बसकी, दोन माणसांची, वर कापडी टप. दाराला बाहेरून मूठसुद्धा नाही. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडते. काचा वरखाली होत नाहीत, पाऊस आला तर झडपा लावायच्या. ही एमजीए. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावी १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या. ही डॉक्टरांच्या वडिलांनी घेतलेली. दोनतीन ठिकाणी त्यांना, "हिचं काम आता कुणाला येत नाही," असे उत्तर मिळाले होते.

अण्णांनी बॉनेट उचलले, क्षणभर आत बघितले आणि मोठ्याने हसले. "आगं, ही तर आपलीच हाय की!"

त्या हसण्याचे कारण मला पुढे समजले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने 'बी सीरीज' नावाचे एकच घराण्याचे इंजिन आपल्या अनेक गाड्यांना बसवले होते. ते मॉरिस ऑक्सफर्डला होते, तसेच एमजीएला होते. त्याच मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरून आपल्याकडे अँबॅसडर आली. एमजीएच्या पहिल्या मॉडेलचे इंजिन १४८९ सीसीचे आणि अण्णांनी जन्मभर खोललेले अँबॅसडरचे पेट्रोल इंजिनही १४८९ सीसीचे. एका बहिणीला दोन कार्बोरेटर देऊन शर्यतीला पाठवले, दुसरीला टॅक्सीला जुंपले, एवढाच फरक.

महिनाभर काम चालले. पेट्रोलच्या रबरी नळ्या अण्णांनी सगळ्याच बदलल्या, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याने जुने रबर फुगते, चिरते. मग एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटर होतील. बरोबर काय घ्यायचं ते तुम्ही सांगायचं."

अण्णांनी मला वही आणायला सांगितले.

मला वाटले, सोपे काम आहे. गाडीत जे जे भाग आहेत ते एकेक जास्तीचे घ्यावेत. परंतु डिकी उघडली आणि माझा हिशेब कोलमडला. स्टेपनीनेच तिथली बहुतेक जागा अडवली होती. उरलेल्या जागेत एक पत्र्याची पेटी, दोन पिशव्या आणि पाण्याचा कॅन, संपले. (ही 'स्टेपनी' मूळची कुठली म्हणून मी नंतर शोधले. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक काढले. त्या रस्त्याचे नाव आपल्या रिक्षावाल्यांच्या तोंडी आजही आहे.)

"आता ऐक," अण्णा म्हणाले. "कंच्याबी वस्तूला तीन सवाल इचारायचे. एक, ही मोडली तर गाडी जाग्यावर थांबंल का? दोन, ही वाटंत मिळंल का? तीन, ही रस्त्याच्या कडंला बसवता येईल का? थांबवणारी पायजे, न मिळणारी पायजे, आन् बसवता येणारी पायजे. मगच लिव."

त्या तीन प्रश्नांच्या चाळणीतून माझी लांबलचक यादी भराभर गळू लागली. इंजिन ऑइल? ते गावोगाव मिळते. एक लिटर पुरे. डायनॅमो? जड आहे, त्याऐवजी त्याचे कार्बन ब्रश घ्या, ते काडेपेटीत मावतात. मागच्या चाकाचा ॲक्सल? तो रस्त्यावर कोण बसवणार? वगळा. फॅन बेल्ट मात्र हवाच. तो तुटला तर पाणी फिरायचे थांबते आणि घाटात इंजिन तापते. शिवाय दहा मिनिटांत बसतो. रेडिएटरचे वरचे-खालचे होज पाइप, क्लिपा, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, दोन प्लग, एक कॉइल. या गाडीला दोनच फ्यूज, म्हणून चार फ्यूज. तारांची चाके असल्याने ट्यूब लागतात, त्या दोन. ब्रेक आणि क्लचच्या सिलिंडरची रबरे, ब्रेक ऑइलची बाटली. हेड पॅकिंगवर माझे आणि अण्णांचे वाजले. मी म्हणाले, ते काही रस्त्याच्या कडेला बसत नाही. अण्णा म्हणाले, "कडंला न्हाई, पर गावात कुणीबी जुना मिस्त्री बसवंल. त्याला हात हायेत, पॅकिंग न्हाई. आन् कागदागत सपाट असतंय, मॅटखाली सरकव." त्यांचे पटले.

मग हत्यारे. आजच्या गाड्यांना मिलिमीटरचे पाने लागतात, या गाडीला इंची. वाटेतल्या नव्या गॅरेजात ते असतीलच असे नाही. म्हणून सात-सोळा, अर्धा, नऊ-सोळा हे पाने, प्लगचा पाना, पकड, दोन स्क्रू ड्रायव्हर. चाकाच्या मधल्या नटाला ठोकायला तांब्याचा हातोडा, कारण लोखंडी हातोड्याने नटाचे कान खराब होतात. बांधायची तार, इन्सुलेशन टेप, ओढायचा दोर, टॉर्च, चिंध्या. पॉइंटमधली फट पंधरा थाउ ठेवायची, तिचे मापगेज हरवले तर काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा चालतो, हेही अण्णांनी लिहायला लावले. आणि पेट्रोलपंप! तो विजेवर चालतो, मागे चेसीजवर बसवलेला आहे, आणि किल्ली फिरवली की टिकटिक करतो. त्याचे आतले पॉइंट काजळले की तो मुका होतो. "तेव्हा पान्याच्या मुठीनं त्याच्या पाठीवर दोन टोले हाणायचे," अण्णा म्हणाले, "बोलायला लागतोय." मी तेही लिहिले, 'टोले २'.

डॉक्टर बाकड्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "सगळं बरोबर घेता येत नाही हे खरं." मग त्यांनी १९०७ सालच्या पेकिंग ते पॅरिस या मोटारप्रवासाची हकीकत सांगितली. इटलीचा सरदार बोर्गेझे, त्याचा मिस्त्री ग्विझार्डी आणि बार्झिनी नावाचा पत्रकार, असे तिघे इटाला गाडीतून निघाले. पेट्रोलचे साठे त्यांच्या आधी उंटांवरून पुढे पाठवले होते. १० जूनला निघालेली गाडी १० ऑगस्टला पॅरिसला सगळ्यांच्या आधी पोचली. पण रशियात तिचे लाकडी चाक मोडले होते, आणि ते एका खेड्यातल्या कारागिराने नुसत्या कुऱ्हाडीने घडवून दिले होते.

कुऱ्हाडीचे ऐकून अण्णा एकदम सरसावून बसले. "नुस्त्या कुऱ्हाडीनं?" त्यांनी दोनदा विचारले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. वाटंत माणसं असत्यात. त्यांच्याजवळ न्हाई तेवढंच आपुन न्यायचं."

या वाक्यावरून मला एक गोष्ट सुचली, आणि यादीत माझी म्हणून एवढीच भर आहे. या गाडीच्या बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. आजच्या गाड्यांत निगेटिव्ह असतो. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्याही सीटमागे फळीखाली लपलेल्या. सवयीने कुणी तारा उलट्या जोडल्या तर नुकसान व्हायचे. पॉइंट, प्लग, कंडेन्सर हे शब्द देशभरातल्या गॅरेजांत सारखेच. पण 'थांबा, ही गाडी उलटी आहे' हे सांगायला भाषा लागते. वर्गातल्या एका मैत्रिणीची मातृभाषा कन्नड आहे, तिच्याकडून ते वाक्य कन्नडमध्ये लिहून आणले. डॉक्टरांनी आपल्या एका स्नेह्याकडून तमिळमध्ये आणले. मराठी आणि इंग्रजी मी लिहिले. चार लिप्यांतला तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून फळीवर चिकटवला. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. "ह्ये मला सुचलं नसतं," ते म्हणाले. कॉलेजात मिळालेल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मला ते मोठे वाटले.

इतक्यात आईने चहा आणला. तिने यादीवर नजर टाकली (वाचता येत नाही, पण लांबी कळते) आणि म्हणाली, "ह्यात माणसांचं काय हाय?" आम्ही तिघेही गप्प. तेव्हा इतका वेळ न बोललेल्या काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, हळूच म्हणाल्या, "यांची एक गोळी असते. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची. ती तेवढी लिही." डॉक्टर म्हणाले, "अगं, ती माझ्या खिशात असतेच." अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला म्हणाले, "पोरी, वर लिव. एक नंबरला. दोन जागी ठेवायची, एक खिशात, एक काकूंच्या पिशवीत." तीन प्रश्न त्यांनी तोंडाने विचारले नाहीत, पण मला ते ऐकू आले. डॉक्टरांचे वय सत्तरीचे. हा प्रवास करायचा असे ते दोघे लग्नापासून म्हणत होते, हे काकूंनी त्या संध्याकाळी सांगितले.

आता माझी चूक सांगते.

डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली फिरणारा रोटर म्हणजे अंगठ्याएवढा एक तुकडा. खाली बॅकेलाइट, वर पितळेची पट्टी. गाडीचा रोटर जुना होता, म्हणून दुकानातून नवा कोरा आणला. अण्णांनी तो बसवला आणि जुना माझ्या हातात देऊन म्हणाले, "पेटीत टाक." मी मात्र पेटीत आणखी एक नवा, पुडीतला रोटर ठेवला, आणि जुना भंगाराच्या डब्यात टाकला. मळका, काळा पडलेला तुकडा इतक्या नीटनेटक्या पेटीत कशाला, असे मला वाटले. यादीत मी ऐटीत लिहिले, 'रोटर (नवा) १'.

निघायच्या आधी चार दिवस डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, एकदा तुम्हीच घाट चढवून आणा. लेकीलाही न्या." आयुष्यात पहिल्यांदाच मी आणि अण्णा शेजारी शेजारी, जमिनीपासून हातभर उंचीवर, टप उघडा टाकून निघालो. यवतेश्वरच्या घाटात वारा तोंडावर येत होता. अण्णांच्या अंगात धुतलेला सदरा होता आणि ते काहीतरी गुणगुणत होते. वरून येणारे लोक वळून बघत होते. मनात आले, आत्ता वर्गातले कुणीतरी भेटावे.

आणि एका वळणावर गाडी एकदाच खोकली आणि बंद पडली.

अण्णांनी ती कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि बॉनेट उचलले. प्लगला करंट नव्हता. पॉइंट उघडझाप करत होते. कॉइलच्या तारेतून ठिणगी येत होती. मग त्यांनी टोपी काढली, कॉइलची तार रोटरच्या पितळी पट्टीजवळ धरली आणि मला स्टार्टरची मूठ ओढायला सांगितली. तार आणि पट्टी यांच्यामध्ये निळी ठिणगी उडाली. "बघितलंस? इथं ठिणगी उडायला नगं. रोटरच करंट पितोय, खाली दांड्यात सोडतोय." नव्या रोटरची पट्टी ज्या रिव्हेटने बसवली होती ती आत जास्त खोल गेली होती, आणि तापल्यावर तिथूनच करंट गळू लागला होता. कोऱ्या करकरीत वस्तूचे आयुष्य एका घाटाएवढेही नव्हते.

"पेटीतला दे," अण्णा म्हणाले. मी पेटी उघडली आणि पुडीतला नवा रोटर काढला. त्याच दुकानातला, त्याच घडणीचा. अण्णांनी तो उलटून बघितला आणि परत माझ्या हातावर ठेवला. "आन् जुना?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, "भंगारात टाकला."

ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेला तो काळा तुकडा बाहेर काढला. डब्यात पडलेला त्यांनी आदल्या दिवशीच पाहिला होता आणि उचलून ठेवला होता. बोलले मात्र नव्हते. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली.

खाली उतरताना ते म्हणाले, "नवं घ्यायला ना न्हाई. पर नवं म्हंजी अजून पास न झालेलं. ते आदी गाडीवर चढवायचं, पळवायचं, त्याची परीक्षा घ्यायची. पेटीत ठेवायचं ते चाललेलं. अंधारात, पावसात, परमुलखात पेटी उघडायची, तवा आतलं चालंल का न्हाई ह्येची शंका नगं." जरा थांबून पुन्हा म्हणाले, "जुनं सगळंच चांगलं नसतंय, पोरी. जुनंबी तपासूनच ठेवायचं."

मी रस्त्याकडे बघत राहिले. ते रोटरविषयीच बोलत होते, याबद्दल मला शंका नाही. पण अर्जातला तो रकाना मला आठवला. त्या काळ्या तुकड्याशी मी जे केले होते तेच मी आणखी कुठे केले होते, हे मला कुणी सांगायची गरज राहिली नाही.

त्या रात्री मी यादी नव्याने लिहिली. अण्णांनी आपल्या जुन्या बिस्किटांच्या डब्यातून अँबॅसडरचा एक मूळचा रोटर शोधून काढला. दोन्ही इंजिने एका घराण्यातली, त्यामुळे तो नेमका बसला. दिवसभर त्यावर गाडी पळवली आणि मग तो पेटीत ठेवला. कॉइलचे तसेच, कंडेन्सरचे तसेच. प्रत्येक वस्तूपुढे मी एक बारीक खूण केली. खूण म्हणजे 'चालवून पाहिले'. पेटीवर चिंध्या, चिंध्यांवर आईने दिलेल्या ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खरडा. डिकी बंद होईना, तेव्हा काकूंनी आपली एक शाल काढून अंगावर घेतली.

गाडी पहाटे गेली. अण्णा ती दिसेनाशी होईपर्यंत कडुलिंबाखाली उभे होते. पुढचे कितीतरी दिवस फोन वाजला की ते हातातले काम खाली ठेवत.

एकोणिसाव्या दिवशी लाल गाडी दारात येऊन उभी राहिली. धुळीने ती लाल कमी आणि तांबूस जास्त दिसत होती. काकूंचा चेहरा उन्हाने रापला होता आणि त्या हसत होत्या. डॉक्टरांनी वही अण्णांच्या हातात दिली. प्रत्येक वस्तूपुढे हिशेब लिहिलेला होता. फ्यूज, एक लागला. ट्यूब, एक लागली. पंपाला टोले, दोनाचे बरेच झाले. हेड पॅकिंग, नाही. चार लिप्यांतला कागद, सेलमजवळ एका मिस्त्रीने वाचला आणि हात मागे घेतला. पहिल्या ओळीपुढे काकूंच्या अक्षरात होते, 'लागली नाही'.

रोटरपुढे लिहिले होते, 'एक गेला. आपल्या गाडीला नव्हे'.

मदुराईच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक पांढरी अँबॅसडर बंद पडली होती. म्हातारा ड्रायव्हर बॉनेट उघडून उभा होता. भाषा एकमेकांची येत नव्हती. डॉक्टरांनी अण्णांसारखीच तार धरून बघितली. निळी ठिणगी उडाली. त्यांनी पेटी उघडली आणि खूण केलेला रोटर काढून त्याला दिला.

अण्णांनी ती ओळ बोट ठेवून सावकाश वाचली. मग बॉनेट उघडताना हसले होते तसेच मोठ्याने हसले. "आपल्याच घरी गेला की!"

या वर्षीच्या अर्जात तो रकाना मी नीट भरला आहे. पेटी मात्र अजून पुरी भरलेली नाही. अण्णा बिस्किटांचा डबा उपडा करून बसले आहेत आणि मला हाक मारत आहेत, "वही आण गं. रोटर एक, लिवून ठेव. पर खूण आत्ता करू नगंस. आदी चालवून बघू."